बेणं निवडणाऱ्या सुंदराबाई

धामणखेडला मी नऊ वर्षं कृषी सहायक होतो. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणारा रस्ता घाटाला लागायच्या आधी उजवीकडे एक फाटा फुटतो, तिथून तीन किलोमीटर आत हे गाव. संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर, आणि ओढ्याच्या काठाने पंधरा-वीस जणांची अद्रक. सरकारी कागदावर आम्ही आलं लिहायचो. गावात ती अद्रकच.

सुंदराबाई तायडे यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. वय साठीच्या आसपास, बांधा बारीक, आवाज मात्र खणखणीत. वर्षभर त्या मजुरीला जात, निंदणाला, वेचणीला, संत्र्याच्या तोडीला. पण वैशाखातले वीस-पंचवीस दिवस त्यांना निंदणाला बोलवायचं धाडस कुणी करत नसे. त्या दिवसांत त्या बेणं निवडत.

अद्रकीचं बी नसतं, गड्डाच लावावा लागतो. माघात काढलेले गड्डे सावलीत खड्डा करून, वाळू नि पाला घालून ठेवतात आणि वैशाखात उकरून लावणीसाठी निवडतात. त्यातच खरी गोम असते. आतून बुरशी लागलेला गड्डा वरून धड दिसतो. तो जमिनीत गेला की पावसाळ्यात आधी स्वतः सडतो, मग शेजाऱ्याला सडवतो. पाणी साचलं तर आठ दिवसांत सगळा वाफा झोपतो.

सुंदराबाई झाडाखाली पोतं अंथरून बसत. एकेक गड्डा उचलायचा, कोंब फुटतो त्या डोळ्याजवळ अंगठ्याने दाबायचा, नाकाशी न्यायचा आणि क्षणभर डोळे मिटायचे. मग तो उजवीकडे जाई किंवा डावीकडे. "हे आंबलं," म्हणायच्या, किंवा "ह्याच्यात पाणी शिरलं." कापून बघितलं तर आत करडी रेघ हटकून निघे. मी सुरुवातीला कितीतरी गड्डे कापून बघितले. नंतर कापणं सोडून दिलं.

एका वर्षी गावातल्या एकाने बाहेरून व्यापाऱ्याचं बेणं आणलं. दिसायला देखणं, टपोरं. सुंदराबाईंनी पोतं उघडलं, दोन गड्डे हुंगले आणि उठून उभ्या राहिल्या. "हे लावू नका." तो माणूस चिडला. त्याने हट्टाने एका कोपऱ्यात लावलंच. श्रावणात तेवढाच कोपरा पिवळा पडला. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली, आणि ती पसरवण्यात माझा मोठा हात होता. शेतीशाळेत मी ती रंगवून सांगे. अमरावतीहून साहेब लोक आले की त्यांच्यासमोर सुंदराबाईंना बसवून गड्डे हुंगायला लावी. साहेब हसत, फोटो काढत. सुंदराबाई पदर सावरून बसत आणि एकही गड्डा चुकत नसत.

याचा एक परिणाम असा झाला की गावाने बेणं औषधात बुडवणं सोडलं. खरं तर निवडलेलं बेणंसुद्धा बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवायला हवं, सावलीत सुकवायला हवं, वाफ्यात शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी, टाकायला हवी. मी हे सांगत होतो, पण ज्या आवाजात सांगायला हवं त्या आवाजात नाही. "सुंदराबाईनं निवडलं ना? झालं मंग," असं लोक म्हणायचे आणि मीही मान डोलवायचो.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये तायड्यांच्या घरात दोघंही तापाने पडले. सुंदराबाई आधी उठल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या चुलीपुढे बसून वरणाला फोडणी देत होत्या. पलीकडे खाटेवर पंजाबराव, त्यांचे यजमान, खोकत पडले होते. ते ओरडले, "काहून व, जळून राह्यलं ना! वास नाई येत काय तुले?" सुंदराबाईंनी खाली बघितलं तर लसूण काळाठिक्कर पडला होता. त्यांनी भांडं उतरवलं, नाकाशी नेलं. काहीच नाही. त्यांना वाटलं, सर्दी असेल.

दोन दिवसांनी पंजाबरावांना धाप लागली. मुलगा प्रीतम बडनेऱ्याला रेल्वेत होता, त्याने गाडी करून त्यांना अमरावतीला दवाखान्यात नेलं. सहाव्या दिवशी ते तिथेच गेले. सुंदराबाईंना तोंडही बघायला मिळालं नाही. ज्या घरात असं झालं, तिथे बाईच्या नाकाची चौकशी कोण करणार? त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. माणूस गेलं नि मी वासाचं काय घेऊन बसू, असं त्यांना वाटलं. हे सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं. मी घडलं त्या क्रमाने सांगतो आहे.

महिन्याभरात वैशाख आला. लोक दाराशी आले. घरात एकटं बसून भिंती खायला उठत होत्या, म्हणून त्या गेल्या. नाक नव्हतं, पण चाळीस वर्षांचा अंगठा होता, डोळे होते. त्यांनी अंगठ्यावर निभावलं. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला, कुठेच फारशी सड लागली नाही. त्यांना धीर आला. आज ना उद्या वास परत येईल, तोवर अंगठा आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वास मात्र आला नाही.

पुढच्या वैशाखात त्या शफीभाईंकडे बसल्या.

शफीभाई गावातले सगळ्यात जुने अद्रकवाले. ओढ्याकाठी त्यांचं एकर-सव्वा एकराचं रान. बेणं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरचंच, बारीक बोटांचं पण अतिशय तिखट. बाजारात वास घेऊनच लोक ओळखायचे, ही शफीची अद्रक. पंजाबराव आणि ते लहानपणचे सोबती, त्यामुळे सुंदराबाईंना ते भाभी म्हणत. त्या रानात सलग तीन वर्षं अद्रक झाली होती. मी म्हटलं होतं, "शफीभाई, या वर्षी इथे ज्वारी घ्या, अद्रक दुसरीकडे हलवा." ते म्हणाले, "पानी तं इथंच हाये ना, साहेब." मी फार ताणलं नाही.

निवडीचा तिसरा दिवस होता. खड्ड्याच्या तळाचं बेणं निघालं होतं. शफीभाईंनी एक गड्डा उचलला, हुंगला आणि सुंदराबाईंच्या हातात दिला.

"भाभी, हा पाहा बरं. तळाचा माल हाये."

सुंदराबाईंनी अंगठ्याने दाबला. घट्ट होता. नाकाशी नेला. डोळे मिटले. काही आलं नाही. डोळे मिटून त्या नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बसल्या. शफीभाई समोर उभे होते, त्यांची बायको अकीला चहा घेऊन येत होती.

"चांगलं हाये," सुंदराबाई म्हणाल्या.

तळाची ती टोपली बेण्यात गेली. औषधात न बुडवता.

त्या वर्षी जुलैत पाऊस थांबेचना. ओढा दोनदा रानात शिरला. ऑगस्टच्या सुरुवातीला शफीभाईंचा फोन आला, "साहेब, जरा येऊन जा." मी गेलो तेव्हा ओढ्याकडच्या वाफ्यांमध्ये पानांचे शेंडे पिवळे पडले होते, खालची पानं आधी. मी एक रोप धरून हलकेच ओढलं तर बुंधा अलगद हातात आला, गड्डा जमिनीतच राहिला. बुंध्याशी पाणचट, तपकिरी. मी काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेला बुंधा त्यात धरला. जिवाणूचा मर रोग असेल तर पाण्यात दुधासारखी धार उतरते. धार उतरली नाही. म्हणजे बुरशी होती, कंदकुज.

करायचं ते सांगितलं. पाण्याला आधी वाट करून द्या, चर खोल करा. रोगी ठोंब मातीसकट काढा, रानाबाहेर नेऊन जाळा. खड्ड्यात आणि आजूबाजूच्या रोपांच्या बुडाशी औषध ओता. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका. सांगताना मला कळत होतं की यातल्या निम्म्या गोष्टी मे महिन्यातच व्हायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ठोंब काढायला बाया लावल्या. त्यात सुंदराबाईही होत्या. मी बांधावर उभा होतो. सडलेल्या अद्रकीचा उग्र वास बांधापर्यंत येत होता. बाकीच्या सातही बायांनी नाकावर पदर घट्ट बांधले होते. अकीलाबींनी ओढणी दोनदा गुंडाळली होती, तरी त्या मधूनमधून बाजूला जाऊन थुंकत होत्या. सुंदराबाई तेवढ्या उघड्या तोंडाने वाकून काम करत होत्या. हातात लिबलिबीत झालेला गड्डा घेऊन त्या तो तोंडासमोर धरून निरखत होत्या.

अकीलाबी थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"भाभी," त्या म्हणाल्या, "तुमाले वास नाई येऊन राह्यला काय?"

सुंदराबाईंनी मान वर केली. बाकीच्या बायाही थांबल्या. सुंदराबाईंनी एकदा सगळ्यांच्या झाकलेल्या तोंडांकडे बघितलं आणि आपल्या खांद्यावरच्या मोकळ्या पदराकडे हात नेला. मग तो हात तसाच खाली आला.

"नाई येत," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. हे गेले तवापासून."

शफीभाई दोन वाफे पलीकडे चर ओढत होते. त्यांनी फावडं टेकवलं. सुंदराबाई चिखलातून चालत त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"शफीभाऊ, तुमी तळाचा गड्डा मह्या हातात देल्ला होता. मी डोये मिटले. वास आलाच नाई मले. तरी चांगलं हाये म्हनलं."

शफीभाई त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ते आता ओरडतील. त्यांचा ओठ हलला. पण ते एवढंच म्हणाले, "घरी जा भाभी. बसा जरा. उन्हात उभ्या नका राहू." त्या दिवशी ऊन नव्हतंच, आभाळ भरलेलं होतं.

रानाचा वरचा चौथा हिस्सा वाचला, बाकी सगळं गेलं. वाचलेल्यातलंही बेण्यासाठी ठेवण्यासारखं मी काही ठेवू दिलं नाही. रोगाच्या रानातलं बेणं ठेवायचं नसतं. शफीभाईंनी विचारलं, "एक टोपलीबी नाई?" मी म्हटलं, "एक गड्डाही नाही." वडिलांच्या हातचं बेणं त्या वर्षी संपलं. ठोंबांचा ढीग ओला होता, नीट पेटेना. शफीभाई तीन दिवस त्यावर तुरीच्या सुक्या काड्या, तुऱ्हाट्या टाकत होते.

त्यांनी सुंदराबाईंना एका शब्दाने दुखवलं नाही. रस्त्यात भेटले की "बरं हाये ना भाभी?" विचारत. पण शफीभाईंकडे त्यांचं येणं-जाणं राहिलं नाही. अकीलाबींनी एकदा बोलवायला माणूस पाठवला, तर सुंदराबाईंनी दार लोटून घेतलं. पुढच्या वैशाखात त्यांच्या दाराशी कुणी आलं नाही. मी गेलो.

"सुंदराबाई, एकट्या बेण्याने एवढं होत नाही," मी म्हणालो. "तीन वर्षं एकाच रानात पीक, ओढ्याचं पाणी, बुडवणी नाही. मातीतही बुरशी असेल. कशामुळे झालं ते कुणीच ठामपणे सांगू शकत नाही."

त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "पन बेन्यानंबी होते ना, साहेब?"

"होतं," मी म्हणालो.

"मंग झालं तं," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी मी गावात बुडवणीचं प्रात्यक्षिक घेतलं. मोठी टाकी, औषध, अर्धा तास, सावलीतली वाळवण. सगळे आले, सगळ्यांनी केलं. जे नऊ वर्षांत मला जमलं नव्हतं ते एका माणसाच्या नुकसानीने आणि एका बाईच्या बदनामीने झालं. सुंदराबाई आल्या नाहीत. श्रावणात प्रीतम येऊन त्यांना बडनेऱ्याला घेऊन गेला. त्याच वर्षी माझी बदली अकोला जिल्ह्यात झाली.

अकोल्याहून अमरावतीला जाताना बडनेरा लागतंच. दीडेक वर्षाने मी एकदा उतरलो. प्रीतमचं रेल्वे क्वार्टर दोन खोल्यांचं. सून नीलमने दार उघडलं आणि मला बाहेरच अडवून हळू आवाजात सांगितलं, "साहेब, चहाचा आग्रह करू नका त्यांले. त्या पीत नाईत."

मग तिने सांगितलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू, असं काहीबाही हुंगायला सांगितलं होतं. सासूबाई ते सोडून रोज सकाळी अद्रकीचा तुकडा हुंगत बसत. सात-आठ महिन्यांनी वास परत आला, पण उलटा आला. कांदा भाजला की त्यांना सडका वास येई. चहाला, वरणाला, साबणाला, नव्या कपड्याला, सगळ्याला तोच. डॉक्टर म्हणाले, या आजारानंतर काही जणांना असं होतं, कधी बरं होतं, कधी राहतं. त्या थंड भात आणि दही तेवढं खाऊ शकत होत्या.

सुंदराबाई निम्म्या झाल्या होत्या. मला बघून खरोखर आनंदल्या. गावातल्या एकेकाची चौकशी केली. शेवटी म्हणाल्या, "शफीभाऊ काय लावून राह्यले?"

"दोन वर्षं ज्वारी आणि मका. अद्रक नाही लावली."

त्यांनी खाली बघितलं. "त्याइले सांगा, वरच्या अंगाच्या रानात लावा म्हनावं. तिथी पानी साचत नाई. गादीवाफा उंच करा म्हनावं. बेनं नवं आना, अन् बुडवल्याबिगर लावू नका. सांगसान ना?"

मी धामणखेडला जाऊन शफीभाईंना सुंदराबाईंचा निरोप शब्दशः सांगितला. चहाचंही सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला.

"साहेब," ते म्हणाले, "त्या गड्ड्याचा वास मले आलता."

मला कळलं नाही.

"मी हुंगला ना तो. बापासोबत अर्धी जिंदगी गेली मही अद्रकीत. मले समजलं होतं. पन तळाची अख्खी टोपली होती. टाकाले जीव होत नवता. म्हनलं, भाभी चांगलं म्हनन तं चांगलं. म्हनून तिच्या हातात देल्ला."

"मग त्या दिवशी रानात बोलला का नाहीत?"

"शरम वाटली. ती एवढ्या बायाइच्या समोर स्वतःहून बोलली. मी चूप राह्यलो." ते थांबले. "मंग रोज वाटे, उद्या सांगू. तं ती गाव सोडून गेली."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बडनेऱ्याला गेलो. शफीभाई खुर्चीवर न बसता सुंदराबाईंसमोर खाली बसले आणि मला सांगितलं ते सगळं तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. मीही माझं बोललो. तुमच्या नाकाचं नाव मी केलं, बुडवणी सुटली ती माझ्यादेखत सुटली. पण शफीभाईंनंतर माझं बोलणं पोकळच वाटलं. सुंदराबाईंनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

"तुमाले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "अन् मी गाव सोडलं."

"व्हय भाभी."

"माह्या दाराशी कोनी येत नवतं, शफीभाऊ. वैशाखाचा अख्खा महिना मी दार लावून बसली."

सुंदराबाई रडू लागल्या. नीलम मला नंतर म्हणाली की सासरे गेले तेव्हाही तिने त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. शफीभाई मान खाली घालून बसून राहिले. उठताना त्यांनी विचारलं, "चलता का गावाले? अकीला वाट पाहून राह्यली."

"नाई," सुंदराबाई म्हणाल्या. रागाने नाही, थकून म्हणाल्या. "आता नाई होत. तुमी जा, गाडी निंघन."

शफीभाईंनी त्या वर्षी वरच्या रानात अर्धा एकर अद्रक लावली. नवं बेणं, उंच गादीवाफे, दोनदा बुडवणी. पीक बरं आलं. त्या बारीक बोटांच्या अद्रकीचा तिखटपणा तिच्यात नाही, असं ते स्वतःच सांगतात.

सुंदराबाई अजून बडनेऱ्यालाच आहेत. दोन-चार महिन्यांनी मी फोन करतो. त्या आधी डोंगराकडच्या पावसाचं विचारतात, कुणाच्या वाफ्यात पाणी साचलं ते विचारतात. वासाचं मी विचारत नाही, आणि त्याही सांगत नाहीत.